५.१ साठी घरी स्विच बॉक्स बनवलाय, पण गुणगुण जात नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे जुना ५.१ अँप आहे, म्हणजे सहा स्पीकरचा अँप्लिफायर. मागे सहा आरसीए इनपुटचा एकच सेट, डिजिटल इनपुट अजिबात नाही, त्यामुळे ऑप्टिकल केबलचा पर्याय बाद. सोर्स दोन. एक डीव्हीडी प्लेअर, त्याला सहा आरसीए आउटपुट आहेत, आणि दुसरा कॉम्प्युटर, ज्याच्या साउंड कार्डला हिरवा, काळा आणि केशरी असे साडेतीन एमएमचे तीन जॅक आहेत, म्हणजे पुढचे दोन, मागचे दोन आणि सेंटर-सब (सब म्हणजे खोल, घुमणाऱ्या आवाजाचा सबवूफर).

आत्तापर्यंत सोर्स बदलायचा म्हटलं की कपाट पुढे ओढा, सहा पिना काढा, सहा घाला. आईचे गुडघे दुखतात, तिला हे जमत नाही, आणि ऐकायलाही थोडं कमी येतं म्हणून सेंटर स्पीकर मी तिच्या खुर्चीशेजारी ठेवलाय, तो चालू असला तरच तिला संवाद नीट कळतात. मी घरी नसलो की ती सिनेमा बघतच नाही. म्हणून समोर एकच नॉब असलेला डबा बनवायचं ठरवलं.

आधी वाय केबल लावून बघितल्या, पण त्यात दोन्ही सोर्सची आउटपुट एकमेकांना जोडली जातात आणि आवाज चक्क दबला. मग सहा पोल दोन वे चा रोटरी स्विच घेतला, म्हणजे एका नॉबने सहा वायरी एकदम या नाहीतर त्या सोर्सला जोडणारा, दोन चकत्यांचा, सगळी ग्राउंड (सिग्नलच्या परतीच्या वायरी) एकत्र जोडली आणि स्विचपासून सॉकेटपर्यंत चपटी रिबन केबल टाकली. सोल्डर करताना एका पिनेवर सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ राहिलं, पिन तिरकी झाली आणि नॉब त्या जागी अडायला लागला, ती चकती बदलावी लागली. नंतर कॉम्प्युटरवर संवाद सबमधून घुमत यायला लागले, तर कळलं की माझ्या केशरी केबलमध्ये सेंटर आणि सब उलटे आहेत, ते सेटिंगमधून अदलाबदल करून झालं.

आता उरलेत दोन प्रॉब्लेम. एक म्हणजे नॉब कुठेही ठेवा, सहाही स्पीकरमधून बारीक गुंऽऽ अशी गुणगुण येते, आणि बॉक्स नसताना कुठलाही एकच सोर्स थेट अँपला लावला तर अजिबात येत नाही. दुसरं म्हणजे सिनेमा पॉज केला की सेंटरमधून कॉम्प्युटरवरचं गाणं अगदी हळू ऐकू येतं, शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणतंय तसं. डबा लोखंडी आहे, सॉकेट थेट पत्र्यावर कसलेत. ग्राउंडसुद्धा स्विच करायला हवं का? की माझं सोल्डरिंगच कच्चं आहे?

प्रतिसाद :

सोल्डरिंग कच्चं असतं तर सहाही चॅनेलला सारखी गुणगुण आली नसती. हा ग्राउंड लूप वाटतोय, म्हणजे ग्राउंडला दोन वाटांनी अर्थिंग मिळून बंद फेरा तयार होतो आणि त्यातून गुणगुण शिरते. तुमचा कॉम्प्युटर तीन पिनी प्लगवर असणार, म्हणजे अर्थिंगला जोडलेला. प्लेअर दोन पिनी असला तरी तो टीव्हीला जोडलेला आहे ना, आणि टीव्हीला केबलची कोएक्स वायर येत असेल तर तिकडून दुसरं अर्थिंग येतं. एकच सोर्स असताना ही दोन टोकं भेटत नव्हती, तुमच्या बॉक्समध्ये भेटली. टीव्हीमागची कोएक्स काढून बघा, गुणगुण गेली तर शंभर टक्के हेच. आणि हो, कॉम्प्युटरच्या प्लगची अर्थ पिन तोडून गुणगुण घालवायचा उद्योग कुणी सांगितला तरी करू नका, त्यात जिवाला धोका आहे.

दुसऱ्या प्रॉब्लेमला रिबन केबल जबाबदार असावी, त्यात वायरी एकमेकींना चिकटून धावतात. एक आड एक वायर ग्राउंड करा, नाहीतर सरळ शिल्डेड वायर (वरून जाळीचं आवरण असलेली) टाका आणि दोन सोर्सच्या वायरी डब्याच्या दोन बाजूंनी न्या.

धागाकर्ता :

कोएक्स काढली आणि गुणगुण गेली! दोन आठवडे मी उगाच जोड परत परत गरम करत होतो. पण कोएक्स कायमची काढून ठेवता येणार नाही, म्हणजे ग्राउंडही स्विच करावं लागणार. आता प्रश्न असा की ग्राउंड धरून सात पोल लागणार, तो रोटरी मला मिळत नाहीये.

प्रतिसाद :

रोटरी सोडा, रिले वापरा, म्हणजे आतल्या कॉइलला वीज दिली की आपोआप पलटणारे स्विच. दोन पोलचे छोटे सिग्नल रिले चार घ्या, आठ पोल झाले, सहा सिग्नलला, एक ग्राउंडला, एक शिल्लक. एका सोर्सची सगळी ग्राउंड डब्यात एकत्र करून त्या एका पोलवर आणायची. बारा व्होल्टचे घेतलेत तर चारही कॉइल मिळून शंभर मिलीअँपच्या आत भागतं, छोटा अडॅप्टर पुरे. कॉइल बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका जिरवायला प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड टाका, १एन४००७ चालेल. समोर मग साधा एक खटका, सिग्नल तिथपर्यंत येतच नाही.

प्लेअर नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टवर घ्या, म्हणजे अडॅप्टर बंद असला तरी प्लेअर अँपला जोडलेलाच राहील, आईंना काही दाबावंच लागणार नाही. सॉकेट मात्र पत्र्यापासून इन्सुलेट करा, नाहीतर डब्यातून ग्राउंड परत एकत्र येतील आणि सगळी मेहनत फुकट. पत्रा फक्त अँपच्या ग्राउंडला, तोही एकाच जागी. बदलताना फट्ट आवाज येत असेल तर प्रत्येक इनपुटवर त्याच सोर्सच्या ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर टाका. तरी खटका दाबण्याआधी आवाज कमी करायची सवय ठेवा, कारण ग्राउंड सिग्नलच्या क्षणभर आधी सुटलं तर जोरात गुर्र होतं.

धागाकर्ता :

प्लेअर नॉर्मली क्लोज्डवर हे मला सुचलंच नसतं, खूप खूप आभार. रिले मागवलेत, सॉकेटसाठी फायबरचे वॉशर कापून ठेवलेत. एकच विचारायचंय, तो शिल्लक आठवा पोल पण ग्राउंडलाच पहिल्याच्या जोडीने पॅरलल लावू का, की मोकळा सोडू?

प्रतिसाद :

पॅरलल लावा. एक कॉन्टॅक्ट कधी काळा पडला तरी दुसरा ग्राउंड धरून ठेवेल.