मदत हवी आहे: बाबांच्या गुडघ्यात पू, आजच ऑपरेशन करायला सांगतायत

सिंहगडरोडकर:
बाबांचा उजवा गुडघा टम्म सुजलाय, हात लावू देत नाहीत. सुईने पाणी काढलं ते ताकासारखं गढूळ निघालं. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीने सांधा आजच धुवायचा. आधी अँटिबायोटिक देऊन बघता येणार नाही का? पुण्यात लगेच दुसरं मत कुठे मिळेल? लवकर सांगा.

पेठेतला:
वय? शुगर? ताप? रिपोर्टमध्ये काय आलंय?

मृण्मयी:
वात असेल. माझ्या आईला निर्गुडीच्या शेकाने खूप आराम पडला.

हडपसरकर:
मृण्मयीताई, पू झालाय म्हणतायत ते. अशा वेळी शेक नको.

सिंहगडरोडकर:
वय ६८. शुगरच्या गोळ्या चालू आहेत. रात्री थंडी वाजून ताप. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी ८२,००० आल्यात, कल्चर (कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) यायचंय. गेल्या महिन्यात त्याच गुडघ्यात इंजेक्शन घेतलं होतं.

हडपसरकर:
अहो, हे इंजेक्शनचं डॉक्टरांना सांगितलंत का? आत्ता सांगा. ५०,००० च्या वर पेशी म्हणजे जंतुसंसर्गाचा दाट संशय. औषध जंतू मारतं, पण साचलेला पू तसाच राहतो आणि त्यातली एन्झाइम्स कार्टिलेज (हाडांच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा) खातात. काही दिवसांत कायमचं नुकसान होतं. कार्टिलेजला रक्तपुरवठा नाही, गेलं की पुन्हा येत नाही. माझ्या भावाला असंच झालं तेव्हा कल्चरची वाट न बघता ऑपरेशनला घेतलं होतं. दोन छोटी भोकं पाडून कित्येक लिटर सलाईनने धुतलं.

पेठेतला:
ऑपरेशनच कशाला? माझ्या काकांचा पू रोज सुईने काढला, भागलं.

हडपसरकर:
पातळ असेल तर भागतं. घट्ट पू, आत जाळी धरलेली, सुईतून येतच नाही. भावाला तर धुणं दुसऱ्यांदा करावं लागलं.

अनघा_बाणेर:
साहेबांचा गुडघा असाच सुजला, तो गाउट (युरिक अ‍ॅसिडचे बारीक खडे सांध्यात साचतात तो) निघाला. पाण्यात ते खडे, म्हणजे क्रिस्टल, बघितले का?

हडपसरकर:
क्रिस्टल सापडले तरी जंतू नाहीत असं ठरत नाही.

कुलकर्णीकाका:
एकदाच सांधा बदलून टाका. आमच्या हिचा बदलला, आता पर्वती चढते.

पेठेतला:
काका, जंतू असताना कृत्रिम सांधा नाही बसवत. सिंहगडरोडकर, दुसरं मत हवंच असेल तर ससूनला तातडीच्या विभागात दिवसरात्र हाडांचे डॉक्टर असतात. पण त्यात आजचा दिवस घालवू नका.

सिंहगडरोडकर:
इंजेक्शनचं सांगितलं. संध्याकाळी घेतायत. पुढे किती दिवस पडून राहायचं?

हडपसरकर:
पडून ठेवूच नका. दुखणं सोसवेल तसा गुडघा लवकर हलवायला लावतात, नाहीतर आखडतो. अँटिबायोटिक आधी शिरेतून, मग गोळ्या, मिळून साधारण ४ ते ६ आठवडे. ताप गेला म्हणून मध्येच बंद करू नका. सीआरपी (रक्तातली संसर्ग-सूज दाखवणारी तपासणी) उतरतोय का ते विचारत राहा, आणि शुगर सांभाळा.