पावसाळ्यानंतर फ्रीव्हील निसटते : दुरुस्त करावे की बदलावे?

कोथरूडकर :
माझ्या साध्या, बिनगिअरच्या सायकलचे १८ दात्यांचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे, पायडल थांबवले तरी चाक फिरू देणारे दातेरी चक्र) पावसाळ्यापासून अधूनमधून निसटते. चांदणी चौकाच्या चढावर जोर लावताच पायडल रिकामे फिरते आणि मागून वाहने येत असताना भीती वाटते. दुकानदाराने ते न उघडताच नवे बसवायला सांगितले. फ्रीव्हील खरोखरच दुरुस्त होत नाही का?

पेठेतला सायकलस्वार :
बहुतेक वेळा होते. बाहेरच्या कड्याला आतून दाते असतात आणि आतल्या गाभ्यावर सहसा दोन खिट्ट्या असतात. बारीक स्प्रिंग त्यांना उचलून दात्यांत अडकवते, तेव्हाच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. पावसाचे पाणी, माती आणि जुने ग्रीस मिळून आत चिकट राळ झाली की स्प्रिंगला खिट्टी वेळेवर उचलता येत नाही. म्हणून चाक आडवे ठेवून दोन्ही भागांमधल्या फटीत रॉकेल किंवा डिझेल सोडावे, फ्रीव्हील उलटे फिरवत राहावे आणि काळा मळ येणे थांबल्यावर ते पूर्ण निथळू देऊन शिलाई मशीनचे पातळ तेल घालावे. तिथे घट्ट ग्रीस मात्र कृपया भरू देऊ नका. अनेक कारागीर ते टिकाऊपणासाठी चांगल्या हेतूने भरतात, पण खिट्ट्या त्यानेच अडकतात.

सिंहगड रस्ता :
त्याआधी निसटते नक्की काय, हे पाहावे. साखळी दात्यांवरून उडी मारत असेल तर दोष साखळीचा किंवा झिजलेल्या दात्यांचा आहे. साखळीचे २४ सांधे नव्याने १२ इंच भरतात; त्यात १/८ इंच वाढ दिसली तर साखळी बदलावी.

कोथरूडकर :
साखळी जागेवरच राहते, दातेही फिरतात, चाक तेवढे फिरत नाही. धुऊनही निसटले तर उघडावे का?

पेठेतला सायकलस्वार :
उघडावे, पण खाली ताट ठेवून, कारण १/८ इंचाचे छर्रे दोन ओळींत असतात आणि क्षणात विखुरतात. दोन भोकांच्या झाकणाला उलटे आटे असल्याने ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. त्याखालच्या पातळ चकत्या जपून ठेवाव्यात, कारण फ्रीव्हीलचा खुळखुळेपणा त्यांच्यावरच ठरतो. खिट्टीचे टोक गोल झालेले किंवा आतले दाते खचलेले दिसले, तर मात्र ते फ्रीव्हील पुन्हा चढावर नेऊ नये; नवेच घ्यावे.