गच्चीवरचे आणि कवेलूंवरचे शेवाळ सुरक्षितपणे कसे काढावे? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

प्रतापनगर भागातील आमच्या जुन्या घराच्या छतावर वाढलेल्या शेवाळाबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. विषय वरवर किरकोळ वाटला, तरी घसरून पडण्याचा, विहिरीचे पाणी बिघडण्याचा आणि छताचे कायमचे नुकसान होण्याचा धोका त्यात एकत्र आला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

घराचे दोन भाग आहेत. पुढच्या भागावर सपाट स्लॅब असून त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा, पाणी अडवणारा थर) आहे आणि उन्हाळ्यात खोल्या तापू नयेत म्हणून त्यावर उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचे थर दिलेले आहेत. मागचे स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांवर उतरते छप्पर आहे, त्यावर इंग्रजी कवेलू (कौले) आहेत आणि त्यावर शेजारच्या कडुनिंबाची सावली दिवसभर असते. गच्चीवर उत्तरेच्या कठड्यालगत, पाण्याच्या टाकीखाली आणि जिथे उन्हाळाभर कूलर ठेवलेला असतो त्या जागेभोवती हिरवट-काळपट, बुळबुळीत थर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा हा थर वाळून काळी खपली होतो आणि शेवाळ मेले असे वाटते, परंतु मृगाच्या पहिल्या सरींनंतर काही दिवसांतच ते पुन्हा हिरवे होते. कवेलूंवर मात्र साधे शेवाळ नाही. तेथे मखमलीसारखी जाड, गादी धरणारी हिरवी वाढ आहे आणि ती कवेलूंच्या जोडांत शिरली आहे.

गच्ची ही आमच्याकडे वापरातली जागा आहे. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला वर जाते, आणि उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या यांचे वाळवण तेथेच होते. याशिवाय गच्चीचे पावसाचे पाणी पाइपने अंगणातील विहिरीत सोडलेले आहे. म्हणून शेवाळ मारणारे जे काही वापरायचे, ते पायाखाली, वाळवणाच्या चादरीखाली आणि शेवटी विहिरीत जाणार, हे गृहीत धरूनच मला निर्णय घ्यायचा आहे.

आतापर्यंत मिळालेले सल्ले परस्परविरोधी आहेत. एका मिस्त्रींनी फरशी धुण्याचे अ‍ॅसिड ओतून खराट्याने घासायला सांगितले. एका सफाईवाल्यांनी दाबाच्या पाण्याचे यंत्र लावून दोन तासांत सगळे स्वच्छ करून देतो असे सांगितले, परंतु कवेलूंवर त्यांचा माणूस दोरीशिवाय चढणार होता, म्हणून मी त्यांना नकार दिला. कोणी ब्लीचिंग पावडर सुचवली, तर काटोलकडच्या एका नातेवाइकांनी संत्र्याच्या झाडांना लावतात तसे मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) आणि चुन्याचे मिश्रण फवारायला सांगितले.

माझे प्रश्न असे आहेत. पांढऱ्या थराला आणि कोब्याला धक्का न लावता शेवाळ मुळापासून जाईल असा कोणता उपाय आहे? हे काम आत्ता, सप्टेंबरअखेर पाऊस चालू असताना करावे की थांबावे? कवेलूंवर चढल्याशिवाय ते स्वच्छ करता येतात का? आणि विहिरीचे काय करावे? घरचा माणूस असो की रोजंदारीवरचा मजूर, कोणाच्याही जिवाला धोका होणार नाही अशीच पद्धत मला हवी आहे.

प्रतिसाद : धरमपेठ, निवृत्त स्थापत्य अभियंता

नमस्कार. आपण काम करून घेण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण अशा कामांत शेवाळापेक्षा सफाईनेच अधिक नुकसान झालेले मी पाहिले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅसिड अजिबात वापरू नका. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड हे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते आणि ते सिमेंटमधला चुना विरघळवते. त्या दिवशी गच्ची चकाचक दिसते, पण पृष्ठभाग खडबडीत आणि सच्छिद्र होतो, त्यात ओल अधिक काळ टिकते आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ पहिल्यापेक्षा दाट येते. दाबाच्या पाण्याबाबतही असेच आहे. घरगुती यंत्राचा दाबसुद्धा १०० बारच्या पुढे जातो. त्याने आपला पांढरा थर कडांपासून सोलून निघेल, कोब्याचे सांधे उघडे पडतील आणि पाणी खाली स्लॅबपर्यंत जाईल.

आता मूळ कारणाकडे येतो. आपण सांगितलेल्या तिन्ही जागा, म्हणजे उत्तरेचा कठडा, टाकीखालची जागा आणि कूलरचा परिसर, या ओल टिकणाऱ्या जागा आहेत. काळ्या खपलीत जे सूक्ष्म जीव असतात, ते महिनोन्महिने कोरडे पडूनही जिवंत राहतात आणि पाणी मिळताच पुन्हा वाढू लागतात. त्यामुळे नागपूरच्या उन्हावर भिस्त ठेवून चालत नाही. गच्चीचा ढाळ १०० ला १ असावा, म्हणजे १० फुटांत सव्वा इंच. नुसते बादलीभर पाणी ओतून ते कुठे साचते ते पाहा आणि त्या जागा खडूने आखून ठेवा. टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह गळत असेल तर तो बदला, कूलरच्या निचऱ्याची नळी थेट पन्हळीच्या तोंडापर्यंत न्या आणि पाइपच्या तोंडाची जाळी साफ ठेवा. हे न करता कितीही घासले तरी दरवर्षी हेच काम करावे लागेल.

कामाची वेळ म्हणाल, तर पाऊस ओसरेपर्यंत थांबा. ओल्या शेवाळावर उभे राहून काम करणे हाच यातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि औषध लावून लगेच सर आली तर ते वाहून थेट आपल्या विहिरीत जाईल. ऑक्टोबरमध्ये सलग कोरडे दिवस मिळाले की सकाळी लवकर सुरू करून ऊन चढण्यापूर्वी काम आटोपावे. तोपर्यंत आईंनी त्या बाजूला जाऊ नये, तुळशीचे वृंदावन तात्पुरते जिन्याजवळ आणावे.

पद्धत अशी आहे. आधी जाड थर लाकडी पट्टीने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने हलक्या हाताने काढावा. तारेचा ब्रश वापरू नये, कारण तो पांढरा थर ओरखडतो आणि त्याचे तुटलेले तुकडे गंजून डाग पाडतात. निघालेला गाळ घमेल्यात भरून खाली न्यावा, पाइपात ढकलू नये. मग ब्लीचिंग पावडरचे द्रावण. ताज्या पावडरीत साधारण ३० टक्के उपलब्ध क्लोरीन असते. १० लिटर पाण्यात एक तृतीयांश किलो घेतली की सुमारे १ टक्क्याचे द्रावण होते. ते प्लास्टिकच्या बादलीत ढवळून गाळ बसू द्यावा आणि वरची निवळीच वापरावी. पृष्ठभाग थोडा ओला करून निवळी लावावी, १५ ते २० मिनिटे ठेवावी, नायलॉनच्या ब्रशने घासावी आणि भरपूर पाण्याने धुवावी. आधी कोपऱ्यात हातभर जागेवर लावून दुसऱ्या दिवशी रंग पिवळा पडतो का, थर सुटतो का, हे पाहावे.

ज्या ठिकाणी स्लॅबला भेगा आहेत किंवा खालच्या छताचे प्लास्टर फुगले आहे, तेथे मात्र ब्लीचिंगचे द्रावण ओतू नका. त्यातले क्लोराइड भेगांतून लोखंडी सळयांपर्यंत पोहोचले तर गंज वाढतो. तेथे नुसते पाणी आणि ब्रश यांवर भागवावे आणि आधी भेगा भरून घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना सांगावी. ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येता कामा नये, अगदी एकामागून एक सुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि साध्या कापडी मास्कने तो अडत नाही. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना बंद चष्मा हवाच. डोळ्यात थेंब उडाला तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

प्रतिसाद : काटोल, संत्रा बागायतदार

भाऊ, मोरचुदाच्या सल्ल्याबद्दल सांगतो. १ टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. आम्ही ते बागेत वर्षानुवर्षे वापरतो, त्यामुळे ते आम्हाला घरचे वाटते. मात्र तांबे शेवाळाला मारते तसेच ते पाण्यातल्या इतर जीवांनाही मारते, आणि ते नाहीसे होत नाही, मातीत व पाण्यात साठत राहते. विहिरीत पाणी जाणार असेल तर गच्चीवर ते वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय तांब्याचे पाणी गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरून किंवा पाइपातून गेले की तो लवकर गंजतो. आमच्या फवारणीच्या पंपांनाही म्हणूनच पितळ किंवा प्लास्टिक लागते. आणि त्या जागेवर कुरडया वाळत घालायच्या असतील, तर हा विचार सोडूनच द्या.

प्रतिसाद : महाल, कवेलूंच्या घरात राहणारी गृहिणी

आमचे घर तुमच्या घरापेक्षा जुने आहे आणि तेथे आजही कवेलू आहेत, म्हणून कवेलूंपुरते लिहिते. कृपा करून कोणालाही चालत वर पाठवू नका. शेवाळलेला कवेलू दिसायला धड असतो, पण ओल मुरून आणि वयाने ठिसूळ झालेला असतो, आणि खालची रीप (कवेलू ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) कुजली आहे की नाही हे वरून कळत नाही. माणूस पाय घसरून पडतोच, शिवाय पायाखालचा कवेलू फुटून आतही पडतो.

आम्ही दोन गोष्टी करतो. दिवाळीपूर्वी, सगळे कोरडे झाल्यावर, भिंतीला शिडी लावून हात पोहोचेल तेवढ्या कडेच्या ओळी मऊ ब्रशने वरून खाली झाडून घेतो. ब्रश खालून वर फिरवला तर घाण आणि पाणी कवेलूच्या पोटात शिरते. शिडीची उंची ४ हात असेल तर तिचा पाय भिंतीपासून १ हात दूर ठेवायचा आणि खाली एकाने शिडी धरून उभे राहायचे, हा आमच्याकडचा नियम आहे. उरलेले काम उन्हाळ्यात शाकारणीच्या वेळी होते. तेव्हा कारागीर एकेक ओळ उतरवून खाली देतात, आम्ही अंगणात हौदाच्या पाण्यात कवेलू भिजवून घासतो, फुटके वेगळे काढतो, रिपा तपासतो आणि उन्हात वाळवून पुन्हा चढवतो. यात रसायन काहीच लागत नाही. ती मखमलीसारखी वाढ ओली असताना ओढली तर कवेलूचा पापुद्रा निघतो, वाळली की बोटाने सुटते.

कडुनिंबाची जी फांदी छपरावर आली आहे ती शेजाऱ्यांशी बोलून छाटून घ्या. ऊन पोहोचले की निम्मे काम होते. तुमच्या घरावरून विजेची तार जात असेल, तर फांदी छाटण्यापूर्वी आणि अ‍ॅल्युमिनियमची शिडी उभी करण्यापूर्वी महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्या.

धागाकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कवेलूंचे काम शाकारणीपर्यंत थांबवतो आणि दिवाळीपूर्वी फक्त शिडीवरून कडा झाडून घेतो. बादलीने पाणी ओतून पाहिले, तर टाकीखाली आणि उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी साचते, हे अगदी खरे निघाले. दोन शंका अजून आहेत. गच्ची धुतलेले पाणी नेमके कुठे सोडावे? आणि कठड्याच्या बाहेरच्या अंगालाही काळे ओघळ आहेत, ते काढण्यासाठी माणूस बांधायचा असेल तर कशाला बांधावा?

प्रतिसाद : धरमपेठ, निवृत्त स्थापत्य अभियंता

विहिरीकडे जाणाऱ्या पाइपाला जोडणीच्या जागी वेगळे तोंड आणि झाकण बसवून घ्या, म्हणजे धुण्याच्या दिवशी पाणी सांडपाण्याच्या गटारात वळवता येईल. ते झाडांना घालू नका. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याने गच्ची आणखी एकदा धुवा. हेच तोंड पुढेही कामी येईल, कारण जूनमधल्या पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी, ज्यात उन्हाळाभराची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि वाळलेली खपली असते, ते विहिरीत जाऊ न देणेच योग्य. तरीही दिवाळीनंतर विहिरीचे पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या.

कठड्याच्या बाहेरच्या अंगाचे काम वरून वाकून कोणीही करू नये. ते खालून पहाड (परांची) बांधून करावे किंवा लांब दांड्याच्या ब्रशने जेवढे होईल तेवढे करून बाकीचे सोडून द्यावे. काळ्या ओघळांनी घर पडत नाही. माणूस बांधायचाच असेल तर कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, आणि तो जिन्याच्या खोलीच्या काँक्रीट कॉलमला बांधावा. टाकीचा स्टँड, पाण्याचा पाइप, कपडे वाळवण्याच्या तारेचा खांब किंवा विटांचा कठडा यांपैकी काहीही पडणाऱ्या माणसाचा झटका सहन करीत नाही. ओघळ पुन्हा येऊ नयेत म्हणून कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या आतल्या बाजूला उतार द्या आणि बाहेरच्या कडेखाली पाणी तुटण्यासाठी खाच ठेवा. टाकीखालच्या खळग्यात भर घालून ढाळ दुरुस्त करण्याचे काम मिस्त्रींकडून सफाईच्याच आठवड्यात करून घ्या, ते सुकल्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या, आणि वाळवणासाठी जागा वापरण्याआधी एक पाऊस किंवा दोन चांगल्या धुण्या जाऊ द्या.