मदत हवी आहे: इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा) गाडीच्या पुढे घ्यावा की वरच ठेवावा?
गाडी २.५ लिटर टर्बो डिझेल फोर-बाय-फोर, इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर. मोलेहून अनमोड घाट चढताना ओबीडीवर (गाडीच्या संगणकाचे आकडे दाखवणारं यंत्र) इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान ४८ वरून ८१ अंशांवर जातं आणि गाडी मलूल होते. सपाटीला तक्रार नाही.

होज प्रेशर लावून तपासले. एक क्लॅम्प सैल होता, बदलला. इंटरकूलरच्या आतलं तेल धुतलं, बॉनेट स्कूपचं (बॉनेटवरची हवा आत घेणारी खाच) रबर नवीन घातलं. फरक जेमतेम पाच अंशांचा.

रीमॅप (इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग बदलणं) नको, बंपर कापायचा नाही, एसी हवाच (मे महिन्यात त्याशिवाय पणजी गाठून दाखवा!).

फोंड्याचा मेकॅनिक म्हणतो, पुढे मोठा बसवू. पण एसीच्या कंडेन्सरसमोर आला की रेडिएटरची हवा अडणार, पाइप लांबले की लॅग (पाय दाबल्यावर टर्बोचा जोर यायला लागणारा उशीर) वाढणार. ज्यांनी स्वतः बदललाय त्यांनी सांगा: घाटात कूलंटचं तापमान किती चढलं? की आहे त्याच जागी जाड कोअर (इंटरकूलरची आतली जाळी) आणि पंखा पुरतो?