मदत हवी आहे: डिलिव्हरीची बॅग आणि वॉर्डमधलं राहणं
नववा लागलाय, नाव मुंबईत परळच्या वाडिया हॉस्पिटलात घातलंय. बॅग भरायला घेतली तर सासूबाई म्हणतात जुनी मऊ सुती लुगडी धुऊन घे, दुपटी त्याचीच, आणि नणंद म्हणते सगळं रेडिमेड डायपर घे, मला सासूबाईंचं पटतंय खरं तर. पुढून बटणांचे गाऊन, मॅटर्निटी पॅड, टोपडी, फाइल, आधार घेतलंय, अजून काय? जनरल वॉर्डात रात्री सोबत फक्त बाईमाणूसच चालतं का? आई साताऱ्याहून येणारे म्हणून विचारतेय. सिझर झालं तर किती दिवस ठेवतात? बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी डिस्चार्जआधीच देतात ना? आणि बारशाआधी जन्मदाखला नावाशिवाय काढून नाव नंतर घालताना वॉर्ड ऑफिसात काय कागद लागतात? नुकतंच झालेल्यांनी सांगा प्लीज.