डॅनिश ‘कोमूने’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

बॉर्नहोल्म या डॅनिश बेटाची माहिती मराठीत लिहिते आहे आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली. बेटाचा कारभार बघणाऱ्या संस्थेचं अधिकृत नाव ‘बॉर्नहोल्म्स रेगिओन्स्कोमूने’. डॅनिश ‘कोमूने’साठी सरसकट ‘नगरपालिका’ लिहिलेलं दिसतं. पण हे 588 चौरस किलोमीटरचं बेट आहे. मधोमध आल्मिंडिंगेनचं जंगल, त्यातच 162 मीटर उंचीची सगळ्यात उंच टेकडी, भोवती शेतं, किनाऱ्यावर हेरिंग मासा धुरी देऊन टिकवणाऱ्या भट्ट्यांची गावं. लोकवस्ती सुमारे 39,000. या सगळ्याला ‘नगर’ कसं म्हणायचं? ‘तालुका’ लिहू का? की नावात ‘रेगिओन’ (म्हणजे प्रदेश) आहे म्हणून ‘जिल्हा परिषद’?

प्रतिसाद, कोपनहेगनहून

ताई, ‘तालुका’ नको. तालुका हा महसुली विभाग, आणि तहसीलदार राज्य सरकारने नेमलेला. कोमूने म्हणजे तो मुलूखही आणि तिथल्या लोकांनी निवडून दिलेलं सरकारही. देशात नव्याने आलेल्या माणसाची पहिली गाठ कोमूनेच्या कचेरीशीच पडते. नोंदणीचा सीपीआर नंबर तिथे मिळतो, मग पिवळं आरोग्य कार्ड घरी येतं आणि त्यावर तुमच्या डॉक्टरचं नाव छापलेलं असतं. पुढे मुलाची पाळणाघरातली जागा, शाळा, ग्रंथालय, रस्ते, म्हाताऱ्या माणसांच्या घरी येणारी मदतनीस, कमाई नसलेल्यांना मिळणारी रोख मदत, सगळं कोमूनेकडे. म्हणून तिचा करही घरपट्टी-पाणीपट्टीएवढा मर्यादित नाही. ती थेट उत्पन्नावर कर घेते, आणि त्याचा देशभरातला सरासरी दर 25 टक्क्यांच्या आसपास आहे.

शहर आणि खेडं हा भेद डेन्मार्कच्या कायद्यात एकेकाळी होता. ‘क्योबस्टाड’ म्हणजे व्यापाराचा हक्क मिळालेलं शहर, आपल्या कसब्याच्या जवळपासचं. त्याची कोमूने वेगळी. खेड्यांकडे चर्चच्या ‘सोग्न’ या हद्दीवर आखलेली ‘सोग्नेकोमूने’. 1970च्या सुधारणेत हा भेद कायद्यातून गेला. तेव्हा 1970च्या आधीचं काही भाषांतरित करत असाल, तर क्योबस्टाडला ‘नगरपालिका’ आणि सोग्नेकोमूनेला ‘ग्रामपंचायत’ खुशाल लिहा, अर्थ नीट पोचेल. त्यानंतरच्या काळासाठी मात्र दोन्ही शब्द दिशाभूल करतात. मी नुसतं ‘पालिका’ लिहीन. पालन करणारी ती पालिका, त्यात नगर नाही. पहिल्या उल्लेखात ‘बॉर्नहोल्म पालिका (कोमूने)’ आणि पुढे फक्त ‘पालिका’.

आता ‘रेगिओन्स्कोमूने’. बेटावर रोने, हास्ले, आलिंगे-गुदयेम, नेक्सो आणि ओकिर्केबी अशा पाच कोमूने होत्या आणि त्यांच्यावर ‘आम्त’, म्हणजे साधारण आपला जिल्हा. एवढ्याशा बेटावर सहा कारभार! 2001 साली सार्वमत झालं, लोकांनी एकत्र येण्याच्या बाजूने कौल दिला आणि 1 जानेवारी 2003 पासून सहाही संस्थांची एक झाली. आम्ताकडचं रुग्णालयही तिच्याकडे आलं, म्हणून हे जोडनाव. पुढे 2007 साली देशभरातले आम्त रद्द झाले, 271 कोमूनेंच्या 98 झाल्या आणि वर पाच रेगिओन आले. बॉर्नहोल्म ‘हॉवेडस्टाडेन’ या राजधानीच्या रेगिओनमध्ये गेलं आणि रुग्णालय त्या रेगिओनकडे. नाव मात्र लोकांनी ठेवलं. त्यामुळे ‘जिल्हा परिषद’ म्हणण्याला 2003 ते 2006 एवढ्याच काळापुरता थोडा आधार आहे. आज ती इतर 97 जणींसारखीच कोमूने आहे.

प्रतिसाद, साताऱ्याहून

नगरपरिषदेत नोकरी झाली आहे, त्यामुळे माझा प्रश्न पदांचा. ‘बोर्गमेस्टर’ला वर्तमानपत्रं ‘महापौर’ लिहितात. आपल्या महापौरांना मान मोठा, पण कारभाराच्या सह्या आयुक्तांच्या, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. पैशाच्या चाव्या स्थायी समितीकडे, तिचे सभापती वेगळे. नगरपरिषदेचे नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडले जातात. डॅनिश बोर्गमेस्टर यातले नेमके कोण?

प्रतिसाद, कोपनहेगनहून

काका, तुम्ही सांगितलेली तिन्ही कामं त्या एका माणसाकडे असतात. दर चार वर्षांनी नोव्हेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी मतदान होतं. बॉर्नहोल्मला 23 सदस्य निवडून जातात आणि ते आपल्यातूनच बोर्गमेस्टर निवडतात. इथवर आपल्या महापौरांसारखंच. पण पुढे तेच सभेचे अध्यक्ष, तेच अर्थसमितीचे अध्यक्ष आणि प्रशासनाचे रोजचे प्रमुखही तेच. मुख्य अधिकारी असतो, पण त्याला सदस्यमंडळच नेमतं, वरून कोणी पाठवत नाही. म्हणून ‘महापौर’ लिहिलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे फीत कापणारी व्यक्ती येते, आणि बॉर्नहोल्मचं अंदाजपत्रक कोणाच्या हाताखाली तयार होतं ते कळतच नाही. ‘पालिकाप्रमुख’ बरा वाटतो. कोपनहेगनमध्ये विभागांचे बोर्गमेस्टर वेगळे आणि शिवाय एक ‘ओव्हरबोर्गमेस्टर’ आहेत, त्यांना ‘मुख्य पालिकाप्रमुख’ म्हणता येईल.

प्रतिसाद, म्हापशाहून

‘कोमूने’ तसंच ठेवायचं असेल तर ‘कम्यून’ असं मात्र लिहू नका. मराठीत त्या शब्दाला साम्यवादी वस्तीचा किंवा आश्रमाचा वास आहे. आणि गोव्यातला वाचक ‘कोमुनिदाद’ समजायचा. ती तर गावकारी, गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या मूळ कुळांची संस्था. शब्दांचं लॅटिन मूळ एक, काम अगदी निराळं.

उलट डॅनिश व्यवस्थेच्या जवळचं काही आमच्या जुन्या कागदांत आहे. पोर्तुगीज काळात बार्देश हा एक ‘कॉन्सेल्यू’ होता. शहर आणि भोवतालची खेडी एकाच हद्दीत, आणि त्या हद्दीची एकच ‘कामर म्युनिसिपाल’ म्हापशात. तिचे अधिकार डॅनिश कोमूनेच्या पासंगालाही पुरणारे नव्हते, पण हद्दीची कल्पना तीच. 1961 नंतर खेड्यांना पंचायती आल्या, शहरांना नगरपालिका, आणि कॉन्सेल्यूचा ‘तालुका’ झाला. आमच्याकडच्या जुन्या माणसांना नुसतं ‘पालिका’ हे लगेच समजेल.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. ‘पालिका’ आणि ‘पालिकाप्रमुख’ घेते. आता पहिलं वाक्य असं झालं आहे: ‘बॉर्नहोल्म पालिका (कोमूने) बाल्टिक समुद्रात, स्वीडनच्या दक्षिणेला असून तिचं मुख्य ठाणं रोने आहे.’ रोनेहून कोपनहेगनला गाडीने जायचा एक नेहमीचा रस्ता म्हणजे आधी बोटीने स्वीडनच्या ईस्टाडला उतरायचं, मग स्वीडनमधून ओरेसुंडच्या पुलावरून पुन्हा डेन्मार्क, हेही पुढे घातलं आहे. एक शंका उरली. ईशान्येला एर्टहोल्मेने नावाची चिमुकली बेटं आहेत. त्यांना ‘बॉर्नहोल्म पालिकेची बेटं’ म्हणू ना?

प्रतिसाद, कोपनहेगनहून

नाही, तेवढं आवर्जून टाळा. एर्टहोल्मेने कुठल्याच कोमूनेत नाहीत आणि कुठल्याच रेगिओनमध्ये नाहीत. वस्ती आहे ती क्रिस्टियान्सो आणि फ्रेडेरिक्सो या दोन बेटांवर, शंभराच्या आत माणसं. सतराव्या शतकात तिथे आरमारी किल्ला बांधला गेला. तो लष्करी ठाणं राहिला नाही, पण बेटं अजून संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यात आहेत आणि मंत्रालयाचा प्रशासक कारभार बघतो. पालिकाच नाही, त्यामुळे पालिकेची निवडणूकही नाही. संसदेसाठी मात्र ते लोक मतदान करतात.

प्रतिसाद, साताऱ्याहून

म्हणजे खडकी-देवळालीच्या छावणीसारखंच की, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत.

प्रतिसाद, कोपनहेगनहून

मंत्रालयापुरतं साम्य आहे, काका. पण छावणीला कायद्याने मंडळ असतं आणि त्यात निवडून आलेल्या सदस्यांची तरतूद असते, म्हणून ‘छावणी मंडळ’ नको. ‘संरक्षण मंत्रालयाच्या प्रशासनाखालील बेटं’ असं सरळ लिहावं. आणि ताई, रेगिओनपुढे वर्ष जरूर घाला. 1 जानेवारी 2027 पासून हॉवेडस्टाडेन आणि शेलान्ड हे दोन रेगिओन मिळून एकच ‘ओस्टडॅनमार्क’ रेगिओन करायचं कायद्याने ठरलं आहे, त्यात बॉर्नहोल्मही येतं.