एका फोटोमागची गोष्ट : नाशिककरांनो, लिहा

गोदाकाठ :
दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बुटाचं एक खोकं निघालं. आत निगेटिव्हच्या पट्ट्या. एक पट्टी खिडकीसमोर धरली तर सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ, काळ्याचं पांढरं झालेलं. कॉलेजात असताना मामाचा यशिका कॅमेरा घेऊन पहिल्या एसटीनं गेलो होतो. ३६ फोटोंचा एकच रोल. पोचल्या पोचल्या वीस उडवले. जोतं झाडणाऱ्या आजी म्हणाल्या, "आत्ता काय काढतो, ऊन भिंतीवर उतरू दे." बसलो. थंडीत सूर्य आग्नेयेकडून वर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला ऊन घासून जातं. साडेआठच्या सुमारास सपाट काळी दिसणारी ती भिंत उठून आली. भिंतीवर कोरलेल्या एका सुरसुंदरीच्या पैंजणाचे मणी सुटे सुटे मोजता आले. आधीचे वीस मी पुन्हा पाहिले नाहीत. उरलेल्या सोळांतले तीन अजून जिवापाड आवडतात. एकात आजीही आल्यात, पाठमोऱ्या, हातात खराटा.
तुमचा असा फोटो कोणता? पक्षी, देऊळ, वाडा, पाऊस, काहीही चालेल.

निफाडवाली :
नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातला चापडगावचा निरीक्षण मनोरा, जानेवारी, धुकं इतकं की पाणी कुठं संपतं कळेना. नुसता आवाज. मग धुक्यातून पट्टकादंब हंसांची रांग आली, डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्पष्ट. हिमालय ओलांडून येणारा पक्षी आपल्या नांदूर मधमेश्वरला उतरताना बघितला आणि बटण दाबायचंच राहिलं. शेवटचे दोन मिळाले, तेही अर्धे धुक्यात. तोच फोटो हॉलमध्ये लावलाय. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं तेव्हा गावात पेढे वाटावेत असं वाटलं होतं मला.

पंचवटीकर :
ताई, शटर किती ठेवलं होतं? उडते पक्षी मला कायम हलतात.

निफाडवाली :
सेकंदाच्या एक हजारांशापेक्षा हळू ठेवू नका. धुक्यात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवा, फोटोत दाणे आले तर येऊ देत. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

द्राक्षबाग :
मी फोटोग्राफर नाही. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली, डोळे फुटायला काड्यांना पेस्ट लावली, आणि लेकीनं एका काडीसमोर मोबाईल बांधायची जागा करून घेतली. रोज सकाळी सातला एकच फोटो. नवव्या दिवशी डोळा फुगला, मग कापसासारखं काहीतरी, मग गुलाबी कड असलेलं नखाएवढं पान. एकापाठोपाठ एक लावून पाहिले तर काडी श्वास घेते असं वाटलं. वीस वर्षं बाग करतोय, हे असं पाहिलं नव्हतं.

त्र्यंबकचा :
काका, वाचून अंगावर काटा आला! आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी हेच केलं होतं की. कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रीकरण, रोपाची वाढ पडद्यावर काही क्षणांत. लेकीला नक्की सांगा.

द्राक्षबाग :
सांगितलं. आता कांद्याच्या रोपासमोर मोबाईल लावायचा म्हणतेय.

मेनरोड :
पावसाळ्यात लेन्सवर बुरशी आलीये, कोळ्याच्या जाळ्यासारखी. काय करू? खूप वाईट वाटतंय, बाबांची लेन्स आहे.

पंचवटीकर :
अरेरे. जाणकाराकडून लवकर साफ करून घ्या, पसरते ती. नंतर चामड्याच्या केसमध्ये अजिबात ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

ऊसतोड :
आमच्या उसात तोडणी चालू असताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली. डोळे जेमतेम उघडलेले. सगळे मोबाईल काढून पुढं. वनखात्याची माणसं आली, गर्दी मागं सारली, पिल्लं टोमॅटोच्या कॅरेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवली आणि बांधावर ट्रॅप कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) लावला. आम्ही रात्रभर गोठ्यात, बोलणं बंद. सकाळी त्यांनी फोटो दाखवला. काळापांढरा, पिल्लांच्या आईचे डोळे दोन दिव्यांसारखे, तोंडात मानेला धरलेलं पिल्लू, मागचे पाय लोंबकळतायत. दुसऱ्या पिल्लाला न्यायलाही आली. कोणी डोळा लावून काढलेला नाही, पण इतका जिवंत फोटो मी बघितला नाही. त्या दिवशी आमचा एक भाऊबंद सेल्फीसाठी पिल्लू उचलायला निघाला होता. माणसाचा वास, गर्दी, गोंगाट, यानं आई बिथरते. सापडलं तर लांब व्हा आणि वनखात्याला कळवा, पाया पडून सांगतो.

निफाडवाली :
दादा, डोळे भरून आले. घरट्यांचंही हेच. फांदी बाजूला सारून काढलेला फोटो मला कितीही सुंदर असला तरी बघवत नाही.

वाडाप्रेमी :
गोंदेश्वरबद्दल राहून गेलं. भूमिज शिखर, छोट्या शिखरांच्या उभ्या ओळी. जवळून कॅमेरा वर केला की शिखर मागं पडतं. आवाराच्या कोपऱ्यापर्यंत मागं जा, चारही उपमंदिरं धरून बघा, पंचायतन म्हणजे काय ते फोटोतच कळतं.

मेनरोड :
लेन्स देऊन आले. साफ होईल म्हणाले!!

सिन्नरची सून :
गोदाकाठ दादा, त्या आजींचा फोटो टाका ना. आमचं घर देवळापासून दहा मिनिटांवर. सकाळी झाडायला एक मावशी असतात, त्यांना दाखवते, ओळखतील कदाचित.

गोदाकाठ :
ताई, खरंच दाखवाल? निगेटिव्ह आजच स्कॅनला दिली. आठ बाय बाराच्या दोन प्रिंट सांगितल्यात, एक त्यांच्या घरच्यांसाठी.